तेरावा नियम

"सकाळी तापाचे औषध देऊन मूल आणू नये. दिले असल्यास किती वाजता आणि किती, ते दारातच सांगावे." डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर चालणाऱ्या पाळणाघराच्या दारामागे जो कागद चिकटवलेला होता, त्यावरचा हा तेरावा नियम. पहिले बारा नियम टंकलेले होते. हा मात्र नंतर, निळ्या बॉलपेनने, खाली उरलेल्या जागेत दाटीवाटीने लिहिलेला. तो माझ्यामुळे लिहिला गेला हे पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी दुसऱ्या कोणत्याही पालकाला कधी सांगितले नाही. मला मात्र पुढची अडीच वर्षे, रोज सकाळी सव्वासात वाजता मुलीच्या चपला काढता काढता तो वाचावा लागला.

2016 च्या जुलैतली गोष्ट. मुलगी चौदा महिन्यांची होती. रात्री तिचे अंग तापले आणि पहाटे थर्मामीटरने 101 दाखवले. माझी रजा संपलेली, सासूबाई गावी गेलेल्या, नवरा दौऱ्यावर, आणि कचेरीत लेखापरीक्षक येऊन बसलेले. अशा सकाळी मी पावणेसातला तिला पॅरासिटामॉल पाजले, सव्वासातपर्यंत कपाळ जरा निवले, आणि मूल काकूंच्या हातात देताना "रात्री किरकिरत होती, दात येत असतील" असे सांगून मी स्टेशनची वाट धरली. दातांच्या नावावर आपण आयांनी जेवढे खोटे खपवले आहे, तेवढे दुसऱ्या कशाच्या नावावर क्वचितच खपवले असेल.

दहाच्या सुमारास, मी खुर्चीत जेमतेम टेकले असताना, फोन आला. काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता. "ताप 103 आहे. सकाळी औषध किती वाजता दिलं होतंस?" दिले होते का, असे त्यांनी विचारले नाही. समोर साहेब बसलेले होते. मी "दिलं नव्हतं" म्हणून मोकळी झाले, आणि डोंबिवलीला परत निघाले. गाडी भायखळा सोडून पुढे गेल्यावर त्या उत्तराचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार तास जावे लागतात, कारण मात्रेवर मात्रा चढली तर त्याचा भार यकृतावर पडतो. आणि मी "नाही" म्हटल्यामुळे काकूंनी आता खुशाल दुसरी मात्रा द्यावी अशी स्थिती मीच करून ठेवली होती. गर्दीत, आडोसा करून, मी फोन लावला आणि खरे सांगितले. पलीकडून उत्तर आले, "मला वाटलंच होतं. औषध दिलेलं नाही, कोमट पाण्यानं अंग पुसतेय. तू ये सावकाश."

दोन दिवसांनी मुलीच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात पुरळ उठले. ज्याला डॉक्टर हात-पाय-तोंडाचा आजार म्हणतात तोच तो. मोठ्यांना क्वचित होणारा, पाच वर्षांखालच्या मुलांत पावसाळ्यात सर्रास दिसणारा. आठवडाभरात पाळणाघरातल्या आणखी तीन मुलांना झाला. न्यायाने बोलायचे तर हा आजार लक्षणे दिसण्याआधीच पसरू लागतो, आणि मूल बरे झाल्यावरही त्याच्या शीतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे त्या एका सकाळी मी तिला घरी ठेवले असते तर तिघेही वाचली असती असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. हे मी नंतर वाचले, आणि खरे सांगायचे तर अपराधीपणा कमी व्हावा म्हणूनच वाचले. पण त्या सकाळी तिने ज्या लाकडी ठोकळ्यांना तोंड लावले, तेच ठोकळे बाकीच्यांनीही तोंडात घातले होते. काकूंना मुलीला ताप आहे हे माहीत असते, तर त्यांनी निदान ते धुऊन वेगळे ठेवले असते.

त्यानंतर मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. प्रवेशाच्या दिवशी सही करताना वाचला होता, पण आपण बँकेच्या अर्जावरची बारीक अक्षरे वाचतो तसा. आता लक्षात आले की प्रत्येक नियमामागे कुठले तरी एक मूल आहे. "नखे दर रविवारी कापावीत" यामागे एका भावंडाच्या गालावरचा ओरखडा होता. "अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे डब्यात देऊ नयेत" यामागे घुसमटलेले, सुदैवाने वाचलेले एक मूल. लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकणे हा कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अगदी ओळखीचा प्रकार आहे. "एक वर्षाखालील मुलास मध चाटवू नये" हा नियम कुणा आजीशी झालेल्या वादाची खूण होता. मधात क्वचित असे जंतुबीज असते की तान्ह्या मुलाच्या आतड्यात ते रुजते आणि त्याच्या विषाने मूल लुळे पडू शकते. पण पिढ्यान्‌पिढ्या घुटीत मध उगाळलेल्या आजीला हे दारात उभे राहून कोण पटवणार?

काकूंनी पाळणाघर सुरू केले ते 1983 मध्ये. आदल्या वर्षीच्या संपात नवऱ्याची गिरणी सुटली, घरात दोन लहान मुले, मग शेजारणीचे एक मूल सांभाळायला घेतले, आणि पाहता पाहता खोली भरली. त्यांच्याकडे कसलीही पदवी नव्हती. होती ती एक दोनशे पानी वही, जिच्यात प्रत्येक मुलाने काय खाल्ले, किती वेळा शी केली, कितीला निजले हे त्या लिहून ठेवत. आणि जुलाबाच्या दिवसांत त्या वहीतली आधीची पाने उलटून "सोमवारपासूनच पातळ होत होती" असे सांगू शकत. आमच्या बालरोगतज्ज्ञांना माझ्या आठवणीपेक्षा त्या वहीवर अधिक भरवसा होता, आणि तो योग्यच होता.

दुधाचे नियम मला सर्वांत जास्त जाचले, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. माझ्या बाळंतपणाच्या वेळी, 2015 मध्ये, कायद्याने मिळणारी पगारी रजा बारा आठवड्यांची होती. साठवलेली रजा जोडून मी ती जवळजवळ पाच महिन्यांपर्यंत ताणली. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपले सरकारही सांगते, दवाखान्याच्या भिंतीवरचे चित्रही सांगते. दोन्हींचा हिशेब घातला तर मधले काही आठवडे कुठे बसवायचे, हे मात्र त्या चित्रात नसते. मी ते कचेरीच्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवले. दुपारी दार लावून, धूळ आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात, पंपाने काढलेले दूध बर्फाच्या पिशवीत घालून संध्याकाळी घरी आणायचे, आणि सकाळी बाटलीवर नाव, तारीख व वेळ लिहून काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवायचे.

काढलेले दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. पण ती खोली 25 अंशांची धरलेली असते आणि डोंबिवलीचा ऑक्टोबर 25 अंशांचा नसतो. त्यामुळे बाहेर काढलेले दूध काकू लगेच वापरत. ते गॅसवर तापवायचे नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, कारण त्यात दूध एकसारखे तापत नाही आणि मधलाच एखादा घोट जीभ पोळतो. गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली धरून ते कोमट करायचे. आणि बाळाने तोंड लावून उरलेले दूध दोन तासांच्या पुढे ठेवायचे नाही, कारण त्यात लाळ मिसळलेली असते. पहिल्याच आठवड्यात मी लवकर पोहोचले तेव्हा काकू वाटीभर दूध मोरीत ओतत होत्या. ते काढायला मला पंचवीस मिनिटे लागली होती. मी काही बोलले नाही, पण डोळ्यांत पाणी आले असावे, कारण दुसऱ्या दिवसापासून काकू एका वेळी थोडेच दूध कोमट करू लागल्या आणि मुलीला आणखी हवे असेल तर पुन्हा घेऊ लागल्या. फेकणे पूर्ण थांबले नाही, कमी झाले.

बाटलीने पाजायला त्यांचा सक्त विरोध होता. बुचाच्या कडेला आणि निपलच्या भोकात साय अडकते, ती ब्रशनेही धड निघत नाही, आणि दहा मुलांच्या वीस बाटल्या उकळण्याइतके मोठे पातेले व तेवढा वेळ कुणाकडे नसतो, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडे उकळून ठेवलेल्या वाट्या आणि चमचे असत. दुधाच्या पावडरीवर वाढणाऱ्या मुलांसाठी नियम आणखी कडक होता: पहाटे सहाला घरून बनवून आणलेले दूध त्या परत पाठवत. पावडरीचा डबा कितीही घट्ट बंद असला तरी पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी 70 अंशांच्या खाली जायच्या आत ती मिसळावी लागते, मग पाजण्याजोगी निववावी लागते, आणि दोन तासांत संपली नाही तर टाकावी लागते. दिवसभराचे दूध एकदाच करून ठेवणे हे आईला सोयीचे असते आणि जंतूंना त्याहून सोयीचे. एका बापाने यावर "एवढी वर्षं सगळे असंच तर करत आले" असा युक्तिवाद केला. काकूंनी त्याला शांतपणे वहीतली ऑगस्टची पाने दाखवली.

डब्याचेही तेच झाले. सकाळी सहाला गरमागरम भरून, घट्ट झाकण लावलेला वरणभात साडेबाराला उघडला की त्याला एक आंबूस वास येई. दोन मुलांना उलट्या झाल्यावर काकूंनी ठरवले की दोन वर्षांखालच्या सगळ्यांसाठी मऊ भात त्याच टाकतील: तांदूळ, मुगाची डाळ, किंचित हिंग, वरून तूप, वर्षाखालच्यांच्या वाटीत मीठ नाही. महिन्याचे पैसे थोडे वाढले तेव्हा पालकांची कुरकुर झाली. त्याहून जास्त कुरकुर झाली ती, भात कोण करणार आणि कोण भरवणार, यावर. काकूंच्या हाताखालच्या मावशी कुठल्या, त्यांचे आडनाव काय, हे एका आजोबांनी आडून आडून विचारले होते. मावशींनी भरवण्याआधी साबणाने हात धुतले का, हे मात्र त्यांनी विचारले नाही. आमच्याकडे स्वच्छतेची चौकशी अशी भलत्याच बाजूने होते.

हात धुण्याच्या बाबतीत काकू खरोखरच हट्टी होत्या. पूर्वी मुलांचे हात एकाच घमेल्यात बुचकळून धुतले जात. म्हणजे पहिल्याच्या हातावरचे शेवटच्याच्या हातावर जाई. मग त्यांनी नळ बसवलेले एक पिंप स्टुलावर ठेवले, कारण पालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येई आणि वाहत्या पाण्याशिवाय साबणाला अर्थ नसतो. प्रत्येक मुलाच्या रुमालावर वेगळे चित्र भरलेले होते, कुणाचा पतंग, कुणाचा मासा, आमच्या मुलीची छत्री. डायपर बदलायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, मागच्या गॅलरीत. पालकांनी भेट दिलेली सॅनिटायझरची बाटली त्यांनी फळीवर ठेवून दिली होती. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही हे त्यांना कुठून कळले होते कोण जाणे. कदाचित नुसता साबणावरचा विश्वास असेल. मुले आणि सांभाळणारे हात धुऊ लागले की पाळणाघरांतले जुलाब साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून मांडलेले आहे. औषध म्हणून हे आकडे कुणी बाटलीत भरून विकले असते तर त्याची जाहिरात आपण रोज पाहिली असती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी मुंबईतल्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेल्या मारहाणीची चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि आमच्या पालकांनी एकमुखाने कॅमेरा मागितला. मीही मागितला. भीती खोटी नव्हती. काकूंनी विनातक्रार तो बसवला, आणि मग दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळे फोनवर त्या खोलीचा वरचा कोपरा पाहत बसू लागलो. त्यात मूल रडते की निजते हे दिसे, पण पिंपात पाणी आहे का, वाट्या उकळल्या आहेत का, साबणाची वडी शिल्लक आहे का, हे कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि त्यासाठी कुणी दारात थांबून पाहतही नसे. आम्हा सगळ्यांना गाडी पकडायची असे.

संध्याकाळी प्रत्येक आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "संपवलं का सगळं?" काकूंचा नववा नियम म्हणे की मूल तोंड फिरवील तेव्हा भरवणे थांबेल, आणि "सगळे संपवले" असे आईला बरे वाटावे म्हणून सांगितले जाणार नाही. चिऊ-काऊचे घास त्यांना चालत; नाक दाबून, मोबाइल दाखवून घातलेले घास चालत नसत. काय आणि केव्हा द्यायचे ते आपण ठरवावे, किती खायचे ते पोराचे पोट ठरवील, असे त्या म्हणत. वहीत "अर्धी वाटी" असे लिहिलेले वाचून मी कित्येकदा घरी गेल्यावर उरलेल्या अर्ध्या वाटीची भरपाई करायला बसले आहे, आणि दर वेळी मुलगीच जिंकली आहे.

एकमेकांच्या डब्यातले खायचे नाही, हा नियम मात्र मला कधीच मनापासून आवडला नाही. त्यामागची कारणे मान्य: उष्टा चमचा, एखाद्याला सोसत नसलेला पदार्थ, एका घरचे अंडे आणि दुसऱ्या घरचा उपास. पण घरी ज्याला आपण वाटून खायला शिकवतो, त्याच मुलाला इथे डबा स्वतःकडे ओढून घ्यायला शिकवावे लागते.

राहिला तो आजारपणाचा नियम, आणि सगळी भांडणे त्यावरून होत. शेंबूड चाले, तो हिरवा असला तरी. नाकाच्या पाण्याचा रंग पाहून संसर्ग ओळखता येत नाही आणि या वयाच्या मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच, तेव्हा सर्दीवर दार बंद केले तर पाळणाघरच बंद करावे लागेल. उलट्या-जुलाब चालत नसत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. आणि ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास झाले पाहिजेत. नियम शहाणा आहे. फक्त तो ज्या कागदावर लिहिला आहे तो पाळणाघराच्या दारामागे आहे, आणि तो पाळण्यासाठी लागणारी रजा दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.

मुंबईतल्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून जात, अशा नोंदी 1920 च्या दशकातल्या सरकारी अहवालांत आहेत. शिकल्यासवरल्या लोकांनी त्या बायांच्या अडाणीपणावर तेव्हा पुष्कळ हळहळ व्यक्त केली. मी ते वाचले तेव्हा मला पावणेसातचा तो चमचा आठवला. गोळी बदलली, सुरक्षित झाली, डॉक्टरांनी लिहून दिलेली झाली. पण मूल गप्प राहावे आणि आईला कामावर जाता यावे हे तिचे काम तेच राहिले. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना म्हटले होते की आईला मिळणारी ही विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आले, तिथे मुलांचे कपडे धुण्या-बदलण्याची सोय आणि आयांना ठरावीक वेळाने जाऊन पाजण्याची मुभा आली. 2017 मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली, म्हणजे दुधाचे सहा महिने अखेर कायद्याच्या हिशेबात बसले. आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, असेही ठरले. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. फोर्ट ते डोंबिवली चार वेळा जाऊन येण्याची सोय मध्य रेल्वेकडे नव्हती, पण ते असो. मुलाच्या आजारपणांसाठी, त्या सहा-आठ सर्द्यांसाठी आणि चोवीस तासांच्या तापांसाठी, आईबापांना वेगळी रजा त्या कायद्यात नव्हती.

घरोघरी पोळ्या करणाऱ्या एका बाईंचा मुलगा काकूंकडे निम्म्या पैशांत येत असे. एका सकाळी त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवलेले मी पाहिले. तो बाहेरच्या खोलीत नव्हता. आतल्या खोलीत, काकूंच्या स्वतःच्या पलंगावर, वेगळ्या वाटी-चमच्यासकट निजलेला होता. माझा तेरावा नियम तेव्हा दीड वर्षाचा झाला होता, आणि मी तो इमानाने पाळला होता; रजा उसन्या घेऊन, पगार कापून घेऊन. मी चिडले. "काकू, नियम सगळ्यांना सारखा ना?"

काकू चमच्याने त्याला साखर-मिठाचे पाणी पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा पगार कापतात. तिनं चार घरी खाडा केला तर दुसरी बाई ठेवतात."

मी गाडीत बसून त्याला उत्तर शोधत राहिले. तोवर सव्वीस आठवड्यांचा कायदा लागू झालेला होता, आणि त्यातला एकही आठवडा चार घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या वाट्याला येणारा नव्हता. आतली ती खोली कुठल्याही कागदावर लिहिलेली नव्हती, आणि लिहिली असती तर दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्यावर हक्क सांगितला असता, हेही खरे.

त्या फेब्रुवारीत मुलीला पुन्हा ताप आला. सव्वासातला मी दारात उभी होते. काकूंनी पंजाची मागची बाजू तिच्या मानेला लावली आणि माझ्याकडे पाहिले.

"साडेपाचला," मी म्हटले, "पाच मिली."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "म्हणजे साडेनऊनंतर पुढचं. तेव्हा तू कुठं असशील?"

"मशीद बंदरच्या आसपास."

त्यांनी मुलीच्या खांद्यावरची पिशवी काढली, तिच्यातला छत्रीचा रुमाल तेवढा धुवायला ठेवून घेतला, आणि पिशवी पुन्हा माझ्या हातात दिली.